रेघांचा माणूस

१

संगणकानं ब्रॉनविन टीगला चुकीचं ठरवलं.

पडद्यावर रेघांचा माणूस उभा होता. डोक्याच्या जागी गोळा, सांध्यांच्या जागी ठिपके, मधे रेघा. हात वर नेताना आधी त्याचा उजवा खांदा कानाकडे उडायचा आणि मग हात निघायचा. खाली प्रश्न होता : ‘हात उचलण्याआधी खांदा वर का घेतला आहे?’ ब्रॉनविननं उत्तर दाबलं : ‘दुखऱ्या खांद्याची खोड आहे, मोडायला हवी.’

लाल फुली. ‘बरोबर उत्तर : स्नायूंची पूर्वतयारी.’

“पूर्वतयारी तुझ्या आज्याची!” ब्रॉनविन पडद्यावर ओरडली.

जन्म गेला होता तिचा लोकांचे खांदे हातात धरण्यात. पोर्ट लिंकनच्या या दवाखान्यात तिच्याइतकी जुनी फिजिओ दुसरी नव्हती. पण फिजिओ कितीही जुनी असली तरी दर वर्षी ठरलेले तास शिकावंच लागतं, नाहीतर नोंदणी जाते आणि नोंदणी गेली की रुग्णाच्या अंगाला हात लावता येत नाही. अ‍ॅडलेडला जाऊन शिकायचं तर दिवस गाडीतच मोडतो. म्हणून गावातले सगळे फिजिओ संगणकासमोर बसून शिकायचे. ब्रॉनविनही बसायची, शिव्या घालत.

शेजारच्या खोलीत कपाचा खळ्ळकन आवाज झाला. दारात निकोलिना मारुशिच उभी. वयानं या दवाखान्यातली सगळ्यात लहान फिजिओ, ट्यूना पकडणाऱ्या आंतेची मुलगी, त्यांच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहिलेली पहिली. चेहरा पांढराफटक.

“तुझ्या पडद्यावर पण तोच आहे,” ती म्हणाली. “ब्रॉनविन, हा माणूस माझा आहे. हा धडा मी तयार केलाय!”

ब्रॉनविननं धड्याच्या खाली पाहिलं. रचना : अ‍ॅलिस्टर पिम. म्हणजे दवाखान्याचा मालक.

“आणि हे बघ,” निकोलिनानं फोन पुढे केला. अ‍ॅडलेडच्या कोर्सवाल्यांचा निरोप होता. तिनं पाठवलेल्या धड्याचा पहिला भाग पिम यांच्या धड्याची हुबेहूब नक्कल आहे. शुक्रवारी दुपारी पडद्यावर चौकशी. खुलासा पटला नाही, तर चोरीची तक्रार नोंदणी मंडळाकडे जाणार.

“चोर मी ठरणार,” निकोलिना म्हणाली. “त्याचं माझ्या आधी पोचलंय.”

२

अ‍ॅलिस्टर पिम सहा फुटांच्या वर होता, आणि बोलताना आणखी थोडा वाढायचा. परिषदांमध्ये भाषणं ठोकून त्याच्या बोलण्याला पॉलिश चढलेलं. पायरीवरच्या माणसाशी बोलावं तसा तो खुर्चीवरच्या माणसाशी बोलायचा.

“बस ब्रॉनविन. चहा?”

“चहा नको. मला त्या माणसाचं नाव सांग. कोणाचं अंग आहे ते?”

हा प्रश्न बिनकामाचा नव्हता. रुग्णांची ओळख फुटू नये म्हणून कोर्सवाल्यांचं यंत्र माणसाचं सगळं गिळून टाकायचं : तोंड, कपडे, रंग, जाडी, उंचीसुद्धा. ठेंगणा असो की ताडमाड, पडद्यावर सगळे सारख्या मापाचे. मूळ चित्रण यंत्र ठेवतच नसे. उरायची ती फक्त हालचाल.

“आपल्या डार्सीचं,” अ‍ॅलिस्टर डोळा न लववता म्हणाला. “इथंच, व्यायामाच्या हॉलमध्ये घेतलं. विचार त्याला.”

“आणि निकोलिना म्हणते तिचं आहे.”

“हो ना! बिचारी.” त्यानं असा उसासा टाकला की एखाद्याला खरा वाटावा. “हुशार पोर आहे. घाई नडली. दवाखान्याच्या संगणकावर फाइल दिसली, उचलली. मागून स्वतःची चार दृश्यं जोडली आणि दिली पाठवून. मी तिला सांगितलंय, धडा मागे घे, माफी माग, मी सांभाळून घेतो.”

चोराच्या उलट्या बोंबा ब्रॉनविननं पुष्कळ ऐकल्या होत्या, पण त्या बोंबा असतात. हा कुजबुजत होता. शिकलेला माणूस चोरी करतो तेव्हा हात धुऊन करतो आणि टॉवेल ज्याचं चोरलं त्याच्याच हातात देतो.

“खांदा उडतो त्याला तू पूर्वतयारी म्हणालास. पाय फाकवून उभं राहा म्हणालास. कोपर किंचित वाकलेलं ठेवा म्हणालास. कशावरून?”

“डार्सीनं माझ्या सूचनेवरून तसं केलं. नवी पद्धत आहे. तुझ्या वेळी नव्हती.”

“माझी वेळ अजून चालू आहे, अ‍ॅलिस्टर.”

तो हसला. “तू काहीही सिद्ध करू शकणार नाहीस. रेघांना नाव नसतं, ब्रॉनविन.”

ती बाहेर आली. बाकड्यांच्या खोलीत निकोलिनाचा बाप आंते लेकीची वाट पाहत होता. रोज यायचा. बाकडी रिकामी असली तरी बसायचा नाही, जमीन कधीही कलेल अशा बेतानं खोलीच्या मधोमध उभा राहायचा. डाव्या हातानं त्यानं ब्रॉनविनला सार्डिन माशांची पुडी दिली.

“आज तोंड का आंबट?” तो म्हणाला. “हे तळून खा. राग उतरतो.”

“हा राग तळूनही उतरणार नाही, आंते.”

बापाला अजून काही ठाऊक नव्हतं. मागून निकोलिना डोळ्यांनी खुणावत होती : बोलू नकोस.

३

शरीर खोटं बोलत नाही, पण त्याला कळू न देता विचारावं लागतं. ‘हात वर कर बरं’ म्हटलं की माणूस नाटकच करतो. म्हणून ब्रॉनविननं दुसऱ्या दिवशी बिस्किटांचा डबा उचलून सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला, आणि चहाच्या वेळी खुर्ची टाकून बसली.

पहिला आला डार्सी क्विल, दवाखान्यातलाच फिजिओ. शनिवारी फुटी, म्हणजे इथला फुटबॉल, खेळायचा आणि सोमवारी त्याच्या गोष्टी सांगायचा. मनानं वाईट नव्हता. अ‍ॅलिस्टरनं नव्या शाखेचा प्रमुख करतो म्हटल्यापासून मात्र त्याचा कणा जरा मऊ झाला होता.

“डबा कोणी चढवला स्वर्गात?” म्हणत त्यानं हात वर केला. खांदा जागचा हलला नाही. हात लोण्यातून सुरी जावी तसा वर गेला, आणि वर गेल्यावर कोपर सरळ होऊन उलट किंचित मागेच वाकलं. लवचीक सांध्यांचा पोरगा. पाय एकमेकांना चिकटलेले.

“डार्सी, रेघांचा माणूस तूच ना?”

त्याच्या तोंडात बिस्किट होतं म्हणून बरं. चावायला त्यानं फार वेळ लावला. “अ‍ॅलिस्टर म्हणाला ना तसं.”

“मी अ‍ॅलिस्टरला नाही, तुला विचारतेय.”

“मग… हो. मीच.” आणि तो चहा न घेता गेला.

खोटं! ब्रॉनविनच्या मनानं उडी मारली. त्या माणसाचं कोपर कुठल्याच दृश्यात सरळ होत नाही, याचं उलटं वळतं. आता निकोलिनानं डबा काढला की काम फत्ते.

निकोलिना आली. डबा पाहिला. टाचा उचलून हात वर केला आणि डबा काढून टेबलावर ठेवला.

ब्रॉनविनचा चहा गार झाला. खांदा उडाला नव्हता. कोपर काठीसारखं सरळ होतं.

“निकोलिना, खरं सांग. तो माणूस कोण आहे?”

“मी,” निकोलिना म्हणाली. “मीच माझं चित्रण केलं. तसं लिहूनही पाठवलंय.” पण ती हे डब्याकडे बघून म्हणाली.

म्हणजे तो माणूस डार्सी नव्हता आणि निकोलिनाही नव्हती. चोरही खोटं बोलत होता आणि जिच्या घरी चोरी झाली तीही. शुक्रवारी समितीनं ‘करून दाखव’ म्हटलं की पोरगी स्वतःच्याच अंगानं फासावर चढणार होती.

४

त्या संध्याकाळी ब्रॉनविननं तो धडा पुन्हा लावला. ज्या यंत्राला ती जन्मभर नावं ठेवत आली, त्याच्यापुढे ती रुग्णापुढे बसावं तशी बसली. तोंड नाही, कपडे नाहीत, गप्पा नाहीत. निव्वळ चाल. आणि मग तिला जाणवलं, की माणसाचं तोंड काढून घेतलं तर माणूस जास्तच दिसतो.

पाय फाकलेले. दर व्यायामाआधी तो पाय सरकवून बूड पक्कं करायचा. सपाट जमिनीवर असं कोण करतं?

मग लंबकाचा व्यायाम आला. पुढे वाकायचं, हातात वाळूची पिशवी घ्यायची, हात सोडून द्यायचा आणि झुलवायचा. खाली अ‍ॅलिस्टरचंच वाक्य : ‘हात पूर्ण ढिला.’ हात झुलत होता, खरोखर ढिला. पिशवी त्याला खाली ओढत होती. आणि तरीही कोपर वाकलेलंच!

ब्रॉनविन उठलीच.

वजन लटकलं की ढिलं कोपर सरळ होतं. व्हावंच लागतं. होत नसेल, तर वाकवून धरणारा स्नायू नव्हे, हाड असतं. कधीतरी मोडलेलं, वाकडं जुळलेलं. आणि कलत्या जमिनीवर उभं राहायची सवय. आणि डाव्या हातानं दिलेली सार्डिनची पुडी.

“अगं बाई,” ती स्वतःशीच म्हणाली. “तो तर रोज आमच्या बाकड्यांपाशी उभा असतो!”

धक्क्याजवळच्या जाळ्यांच्या शेडमध्ये आंते जाळं शिवत होता. निकोलिना पायाशी बसून दोरा ओवत होती. ब्रॉनविननं नमस्कार-चमत्कार केला नाही.

“आंते, कोपर केव्हा मोडलं होतं?”

बापलेकीनं एकमेकांकडे पाहिलं. “पोल फिशिंगच्या काळात, काठीनं मासे उपसायचो तेव्हा,” आंते हळूच म्हणाला. “माशानं मला बोटीच्या कठड्यावर आपटलं. तुला कोणी सांगितलं?”

“तुझ्या रेघांनी.”

निकोलिना रडायला लागली. बापाला ती ताता म्हणायची. “मी ताताला वचन दिलं होतं! त्याचा खांदा गेलाय हे बोटीवर कळलं असतं तर तांडेलानं त्याला किनाऱ्यावर बसवलं असतं. रविवारी दवाखाना बंद असताना मी त्याला आत नेलं. पहिला भाग तिथं घेतला, खांदा कसा चुकतो ते दाखवणारा. मग वर्षभर इथं त्याच्याकडून व्यायाम करून घेतला आणि दुसरा भाग माझ्या लॅपटॉपवर घेतला, चूक कशी सुटली ते दाखवणारा. दुसरा होईपर्यंत पहिला दवाखान्याच्याच संगणकावर पडून होता.”

“आणि अ‍ॅलिस्टरनं अर्धवट उचलला,” ब्रॉनविन म्हणाली. “रोग होता तेवढाच त्याच्या हाती लागला. औषध इथं शेडमध्ये होतं. त्या मूर्खाला रोग ओळखताही आला नाही! रोगालाच पद्धत म्हणून शिकवतोय सगळ्या देशाला, वर त्याच्यावर प्रश्न काढतोय!”

आंतेनं सुई खाली ठेवली. “काय चाललंय हे? चोर कोण, चोरी कसली?”

लेकीनं सांगितलं नव्हतं ते ब्रॉनविननं सांगितलं, आडपडदा न ठेवता. शेवटी म्हणाली, “शुक्रवारी दुपारी व्यायामाच्या हॉलमध्ये ये. नाही आलास तर तुझी पोरगी पुन्हा कुणाच्या अंगाला हात लावू शकणार नाही. तुझा खांदा झाकायला ती चोर ठरतेय.”

“ब्रॉनविन, नको!” निकोलिना ओरडली. “खांदा बरा झाला तरी तांडेल भरवसा ठेवणार नाही. बोट गेली तर तो जगायचा नाही.”

आंते उठला, पाय फाकवून क्षणभर उभा राहिला आणि पाठ फिरवून धक्क्याकडे निघून गेला.

५

शुक्रवारी हॉलच्या मोठ्या पडद्यावर अ‍ॅडलेडहून समितीची प्रमुख हेस्टर ल्यूक दिसत होती. पांढरे केस, कोरडा आवाज. पडद्याच्या दुसऱ्या अर्ध्यात यंत्र लावलेलं : हॉलमध्ये कॅमेऱ्यापुढे जो उभा राहील त्याच्या तिथल्या तिथे रेघा होणार. आंतेचा पत्ता नव्हता.

“श्री. पिम, तुमचा माणूस दाखवा.”

डार्सी पुढे आला. त्यानं चांगलीच तालीम केली होती. पाय फाकवले, बूड पक्कं केलं, खांदा कानाकडे उडवला, कोपर वाकवून हात वर नेला. पडद्यावरच्या रेघा जुन्या रेघांवर बरोब्बर बसल्या.

“हुबेहूब,” हेस्टर म्हणाली.

अ‍ॅलिस्टरनं हात मांडीवर जोडले. “मला आनंद नाही होत याचा, हेस्टर. आमचीच मुलगी आहे ती.”

“कुमारी मारुशिच, तुम्ही करून दाखवणार?”

निकोलिना उभी राहिली. तेवढ्यात ब्रॉनविननं तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला परत खाली बसवलं.

“तिच्या आधी मला डार्सीचा एक व्यायाम हवाय. लंबक. श्री. पिम यांनी लिहिलंय तस्साच. हात पूर्ण ढिला.”

डार्सी वाकला. ब्रॉनविननं त्याच्या हातात वाळूची पिशवी दिली. कोपर वाकलेलं राहिलं. ब्रॉनविननं त्याच्या दंडाला बोटं लावली.

“हा दंड आहे का दगड? ढिला सोड की.”

“सोडलाय.”

“माझी सगळी उमर लोकांचे दंड चाचपण्यात गेली, पोरा. मला शिकवू नकोस. सोड!”

डार्सीच्या कपाळावर घाम आला. थोडा वेळ पिशवी थरथरली. मग दंड सुटला, कोपर सर्रकन सरळ झालं आणि वर उलट मागेही वाकलं. पडद्यावरची रेघ काठीसारखी उभी राहिली. शेजारी जुन्या माणसाची रेघ वाकलेलीच झुलत होती.

“हात दाखवून अवलक्षण ते हेच!” ब्रॉनविन म्हणाली. “खोडीची नक्कल करता येते, हेस्टर. हाडाची करता येत नाही.”

“थांबा,” अ‍ॅलिस्टर उठला. पॉलिशला पहिला ओरखडा पडला होता. “यानं फार तर डार्सी नव्हे एवढं ठरेल. म्हणून ते निकोलिनाचं कसं झालं? कुठंय तिचा माणूस?”

दार उघडलं.

“हा काय,” आंते म्हणाला.

अंगावर चर्चला जायचा कोट होता. आणि तो एकटा नव्हता. मागे त्याच्या बोटीचा तांडेल होता, दारभर रुंद मायलो ग्रुबर, हातात टोपी घेतलेला. ज्याच्यापासून वर्षभर लपवलं त्यालाच आंते घेऊन आला होता.

“ताता!” निकोलिना उठून उभी राहिली.

“गप. पिशवी कुठंय?”

आंते कॅमेऱ्यापुढे गेला. पाय आपोआप फाकले. वाकला, पिशवी धरली, हात सोडला. हात झुलला आणि कोपर तसंच वाकलेलं राहिलं. नवी रेघ जुन्या रेघेवर जाऊन बसली आणि तिच्याबरोबर झुलत राहिली.

“तोही घट्ट धरत असेल,” अ‍ॅलिस्टर ओरडला. “ती म्हातारी काय, तिच्याच बाजूनं सांगणार!”

“बरोबर बोललास,” ब्रॉनविन म्हणाली. “मी नाही हात लावत. डार्सी, तू फिजिओ आहेस ना अजून? तू लाव.”

डार्सीनं अ‍ॅलिस्टरकडे पाहिलं, मग म्हाताऱ्याच्या हाताकडे. शेवटी त्यानं एक हात आंतेच्या दंडाखाली घातला आणि दुसऱ्यानं मनगट धरून कोपर अगदी जपून सरळ करून पाहिलं. हाताखाली खरं शरीर आलं की या धंद्यातल्या माणसाच्या चेहऱ्यावर जे येतं, ते त्याच्या चेहऱ्यावर आलं.

“दंड मऊ आहे,” तो म्हणाला. “पूर्ण ढिला. पुढे हाडावर हाड लागतंय. जुनं फ्रॅक्चर.” तो पडद्याकडे वळला. “माणूस हाच आहे. मी कधीच नव्हतो. मला तसं सांगायला लावलं होतं. मला लाज वाटते.”

“मूर्ख!” अ‍ॅलिस्टर किंचाळला. आणि मग एकदम त्याचे डोळे चमकले. “खांदा! हात वर करायला सांगा त्याला! खांदा उडवायला सांगा!”

“कर, आंते,” ब्रॉनविन म्हणाली.

आंतेनं उजवा हात वर नेला. सावकाश, शांतपणे, थेट कानापर्यंत. खांदा जागचा हलला नाही.

“बघा! उडत नाही! हा तो माणूस नव्हेच!”

ब्रॉनविन हसली. आठवडाभरात पहिल्यांदा.

“हेस्टर, आता तिच्या धड्याचा दुसरा भाग लावा. जो श्री. पिम यांच्या धड्यात नाही.”

पडद्यावर रेघांचा माणूस पुन्हा आला. तेच फाकलेले पाय, तेच वाकडं कोपर. पण हात निघताना खांदा शांत. हॉलमधल्या आंतेसारखाच.

“खोड होती ती हिनं घालवली,” ब्रॉनविन म्हणाली. “हाड होतं ते राहिलं. चोरी कोणाची आणि विद्या कोणाची, हे याहून उघड कसं सांगू? ज्यानं नुसती खोड चोरली, तिला पूर्वतयारी म्हटलं, तो धड्याचा बाप असूच शकत नाही. बापाला आपल्या पोराचं दुखणं कळतं.”

हेस्टरनं चष्मा काढला. “मीही त्या प्रश्नाचं उत्तर पूर्वतयारीच दिलं होतं,” ती कोरड्याच आवाजात म्हणाली. “श्री. पिम, तक्रार मंडळाकडे जाईल. पण नाव बदलून. कुमारी मारुशिच, धडा तुमचा. वडिलांना झाकायला स्वतःचं नाव लिहिलंत, तेवढं दुरुस्त करा. समिती माफी मागते.”

अ‍ॅलिस्टर दाराकडे निघाला. तांडेल मायलो बाजूला झाला, पण जरा उशिरानं. अ‍ॅलिस्टरला अंग चोरून जावं लागलं. पहिल्यांदाच तो ठेंगणा दिसला.

मग मायलोनं आंतेकडे पाहिलं. “वर्षभर खांदा झाकून जाळी ओढलीस माझ्या बोटीवर?”

“हो.”

“गाढवा.” मायलोनं स्वतःचा उजवा हात वर करायला घेतला. खांदा टुणकन कानाकडे उडाला. “मी दोन वर्षं झाकतोय. पोरी, माझा खांदा केव्हा हातात घेतेस?”

निकोलिना हसायला गेली आणि रडली. आंतेनं तिला मिठीत घेतलं, दोन्ही हातांनी, उजवा हात नीट वर उचलून.

धडा पुन्हा सुरू झाला तेव्हा ब्रॉनविननं शिव्या न घालता तो लावला. त्याच प्रश्नाला तेच उत्तर दाबलं. हिरवी खूण आली. खाली लिहिलं होतं : रचना, निकोलिना मारुशिच. आणि रेघांच्या माणसाच्या पायाशी, त्याच्याच हट्टावरून, मोठ्या अक्षरात : हा आंते मारुशिच, ट्यूनाच्या बोटीवरचा.